मुलीशेजारची जागा

ग्योतोकुत आमच्या इमारतीखालच्या बाकावर एक जपानी बाई रोज सकाळी बसायची. वय नव्वदीला टेकलेलं. डोळे मिटून प्रार्थना करायची आणि मग सरकून मला जागा द्यायची. नाव मी कधी विचारलं नाही. आमचं बोलणं माझी सून भाषांतर करून एकमेकींना सांगायची.

लग्न होताच ती नवऱ्याबरोबर उत्तरेच्या बर्फात जंगल तोडून शेती करायला गेली होती. तिथे त्यांनी घराआधी चर्च बांधलं. पहिल्याच हिवाळ्यात तान्ही मुलगी गेली.

"देवाचा राग नाही आला तुम्हाला?" मी विचारलं.

"रोज येतो. म्हणून तर रोज बोलावं लागतं त्याच्याशी."

मग म्हणाली, "मेल्यावर तिकडे मुलीशेजारी जागा मिळाली तर बरं. पण माझ्या मुलाला सांगू नका. दरवर्षी थडग्यावर फुलं ठेवायला एवढ्या लांब जावं लागेल त्याला."

मी हो म्हटलं.

२०११च्या मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांनी ती गेली. इथे ख्रिस्ती लोकांचंही दहनच करतात. मुलगा आमच्या दारात आला. आईच्या अस्थी इथेच वडिलांच्या थडग्यात ठेवायचं ठरलं होतं, पण त्याचं मन घेत नव्हतं.

"आई तुम्हाला काही म्हणाली होती का?"

सून माझ्याकडे बघत राहिली. मी सांगून टाकलं.

इथे अस्थी वाटून दोन ठिकाणी ठेवता येतात. अर्ध्या त्याने स्वतः उत्तरेला नेल्या. पुढच्या वर्षी तो पुन्हा तिकडे गेला आणि येताना आमच्यासाठी तिथले बटाटे घेऊन आला.

बाईला दिलेला शब्द मी मोडला होता. ते बटाटे खावेत की नाही, मला कळेना.