शब्द काढून टाकू

"वाजवू का?" असं तो विचारायचा आणि उत्तर यायच्या आत वाजवायचा. एमपीथ्री प्लेअर आणि साबणाच्या डबीएवढा स्पीकर कायम खिशात. गाणं एकच, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कुणा रॅपरचं. शब्द इतके ओढलेले की पहिल्यांदा मला वाटलं, बॅटरी उतरलीय.

तो श्टुटगार्टला पीएच.डी. करत होता, मी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या कार्यक्रमांची व्यवस्था बघायची. बैठकीला उशिरा यायचा, खुर्च्या लावायला हात लावायचा नाही, भांडण मात्र ताजं आणायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. बरोबर असतात, म्हणून जास्तच डोक्यात जातात. मला तो आवडत नव्हता. अजूनही नाही.

त्या वर्षी त्याला ते गाणं मराठी करून गणपतीत म्हणायचं होतं.

"शब्द ऐका ताई, शब्द," म्हणत माझ्या स्वयंपाकघरात बसून त्यानं अर्थ सांगितला. गाण्यातली आई बंगल्यात रांधते. मागच्या दारानं येते, मागच्याच दारानं जाते. मुलगा विचारतो, पुढचं दार कुणासाठी?

"अमेरिकेतलं ना हे?" मी म्हटलं.

"माझी आई अकोल्यात लोकांकडे पोळ्या करते. तिलाही मागचंच दार." बोलताना त्यानं माझ्या पोह्यांना हात लावला नाही. मग सगळे संपवले.

बैठकीत सेक्रेटरींना ठेका फार आवडला. "आल्झो," ते जर्मन वळणानं म्हणाले, "तर असं करू. शब्द काढून टाकू. पोरं नाचतील!"

"शब्द काढल्यावर उरतं काय?" त्यानं विचारलं.

"ठेका!"

"मागच्या वर्षी चिमुरड्या पोरी आयटम साँगवर नाचल्या. त्याचे काढले होते?"

"ते मनोरंजन होतं. देवासमोर वाद नकोत."

"वाद तुमच्या देवाला नकोत की तुम्हाला?"

"हॉलची किल्ली कोण आणणार ते ठरवा आधी," मी म्हटलं. ते ठरलं. गाणं रद्द झालं.

गणपतीच्या दिवशी, त्सुफेनहाउझेन उपनगरातल्या भाड्याच्या हॉलमध्ये, तो न सांगता स्टेजवर चढला. ठेका नाही, नुसते शब्द. मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देणारी आमची पोरं चुळबुळ थांबवून ऐकत होती. माझी मुलगी गुडघ्यावर ताल धरून होती. गाण्यातली आई दारापर्यंत पोचली, तेवढ्यात सेक्रेटरींनी खालून टाळ्या वाजवत आरती सुरू केली. ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी. सगळे उठले. आरतीला कोण बसून राहील? तो आणखी दोन ओळी ओरडला, मग खाली उतरून माझ्या शेजारी उभा राहिला. आरतीही म्हणाला, सगळी, पाठ.

शेवटी सेक्रेटरींच्या पत्नी निरांजनाचं तबक घेऊन रांगेतून आल्या. त्यानं दोन्ही तळवे पुढे केले.

तबक त्याच्यापुढे न थांबता माझ्यासमोर आलं.

मी ज्योतीवरून हात फिरवला. शेजारी त्याचे तळवे अजून तसेच होते. मग ते जॅकेटच्या खिशात गेले, आणि प्रसादाच्या रांगेत तो नव्हता.