भागाकाकूंची फळी

समस्त गृहिणींना, गृहस्थांना आणि घरात ज्यांचं कुणी ऐकत नाही अशा सर्व वडीलधाऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं, की घरातल्या चांगल्या सुऱ्या ठेवाव्यात कुठे, हा प्रश्न मानवजातीने अजून सोडवलेला नाही. लोक त्या फडताळात टाकतात, डब्यात कोंबतात, आणि वेळेला सापडल्या नाहीत की सुनेकडे बघतात. माझ्या माहितीत एकाच बाईने हा प्रश्न विचार करून आणि साऱ्या आळीचा रोष पत्करून सोडवला. हिंगणघाटच्या भागाकाकूंनी.

पन्नास साल नुकतंच मागे पडलं होतं. लग्न होऊन मी हिंगणघाटला आले. आमचे हे जिनिंग प्रेसमध्ये कारकून. एका ओळीतल्या कौलारू खोल्या, पुढे सामाईक अंगण, अंगणात विहीर. पहिल्याच दिवशी सामानाची सुतळी तुटेना म्हणून मी शेजारच्या दारात जाऊन सुरी मागितली आणि हात पुढे केला. आतून आलेल्या ठेंगण्या, कोऱ्या कपाळाच्या बाईने माझ्या हाताकडे पाहिलंच नाही. तिने सुरी जमिनीवर ठेवली, मूठ माझ्याकडे करून, आणि म्हणाली, "उचल."

मी गोंधळले.

"हातात देली का भांडण होते. आपली तं आत्ताच वळख झाली. भांडाले सारा जनम पडला हाय."

त्या भागाकाकू. जनम मात्र भांडायला पुरला नाही.

त्या स्वतः विळीवर चिरत. सुरीला त्यांनी भाजी कधी दाखवली नाही. पण घरात तीन सुऱ्या होत्या, आणि अशा सुऱ्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. विलायती पोलाद, शिंगाच्या मुठी. एक हातभर लांब, एक मधली, एक बोटाएवढी, मला पहिल्या दिवशी दिलेली. दर शनिवारी पत्र्याच्या पेटीतून त्या बाहेर येत. धोतराच्या तीन वेगळ्या चिंध्यांतून सोडायच्या, पुसायच्या, जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचं आणि परत गुंडाळायच्या. शनिवारी लोखंड आणि तेल एकत्र आणू नये म्हणून समोरच्या कौसल्याबाई दर शनिवारी न चुकता ओरडत. काकू म्हणत, "शनिदेवाले मी सांगतलं हाय, भावाचं हाय म्हणून."

भाऊ म्हणजे नानू. रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होता. साहेब आपल्या देशी निघाला तेव्हा जाताना या सुऱ्या नानूला देऊन गेला. पुढे नानूचं मन बिघडलं. कशाने, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. आधी बोलणं थांबलं, मग जेवण, आणि एका दुपारी त्याने घरातली सगळी भांडी एकेक करून अंगणात फेकली. त्याला नागपूरच्या इस्पितळात नेलं. त्याने कुणावर बोटही उचललं नव्हतं. पण आळीच्या आठवणीत भांडी राहिली नाहीत, सुऱ्या राहिल्या.

मी आले त्याच उन्हाळ्यात निरोप आला. डॉक्टर म्हणत होते, बरा आहे, घरी न्या, हाताला काम द्या. काकूंनी गूळ वाटला. गूळ तोंडात असतानाच आळीची सभा भरली.

कौसल्याबाई पुढे होत्या. विधवा, घरात सून, मुलगा पुलगावला नोकरीवर आणि महिन्यातून एखाद्या रविवारी घरी. म्हणजे घरात पुरुष नाही, ही त्यांची नेहमीची तक्रार आणि नेहमीचं हत्यार.

"भागाबाई, मी म्हणतो, त्या सुऱ्या हिरीत टाका."

"हिरीचं पाणी तूच पेतं ना वं? लोखंड उतरन त्यात."

"मंग पेटीत घाला अन् मोठं कुलूप लावा. चाबी माह्याजवळ द्या."

"चाबी तुह्याजवळ काऊन?"

"रात्री झोप तं लागन मले!"

घरमालक लांब उभे होते. त्यांनी थोडक्यात सांगितलं, की काही कमीजास्त झालं तर खोली खाली करावी लागेल. काकूंचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. त्या खोलीशिवाय त्यांना जागा नव्हती, आणि त्यांच्याशिवाय नानूला.

आमचे हे सभेत काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी आपला दाढीचा वस्तरा लपवला. तो इतका उत्तम लपवला, की पुढे कितीतरी दिवस प्रेसमध्ये दाढी वाढवून जात होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सुतार बोलावला. पेटीला कडी बसवायला आला असेल असं सगळ्यांना वाटलं. काकूंनी त्याच्याकडून सागाची एक फळी करून घेतली. तिला तीन खाचा, प्रत्येक सुरीच्या पात्याच्या मापाच्या, मधे चांगलं अंतर. "हत्याराले हत्यार भिडू देऊ नाई. दोघींचीबी धार जाते." चुलीपासून लांब, मोरीच्या ओलीपासून लांब, खिडकीच्या उजेडाची भिंत त्यांनी निवडली. सुताराने फळी त्यांच्या खांद्याच्या उंचीला भिंतीवर धरून पाहिली. त्यांनी पाट घेतला, त्यावर चढल्या आणि डोक्याच्या वर बोट ठेवलं. "इथीसा."

मी म्हटलं, "काकू, तिथे तुमचा हात कसा पुरणार?"

"माह्या हाताची हाय का थे?"

फळी बसली, सुऱ्या खाचांत गेल्या, मुठी वर. दार उघडलं की पहिली नजर तिथेच. कौसल्याबाईंनी उंबऱ्यातून ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "पेटीत काय झालं होतं वं?"

"पेटी उघडाले गेला असता, कुलूप पाह्यलं असतं," काकू म्हणाल्या. "कुलूप काऊन लावलं, त्याले समजलं नसतं का? तो येडा होता, बावळा नव्हता."

नानू आला. उंच, केस बारीक कापलेले, सदरा अंगावर सैल. कुणाकडे न बघता आत गेला, फळीसमोर उभा राहिला, आणि मग भिंतीकडे पाठ करून बसला. तसाच बसत राहिला. पाणी भरी, अंगण झाडी, लाकडं आणी. पण सांबाराची जुडीसुद्धा हाताने तोडी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सुऱ्यांकडे वळून बघत नसे. काकू दर शनिवारी पाटावर चढून त्या पुसत आणि परत ठेवत. त्याला एका शब्दाने काही म्हणत नसत.

मग त्यांनी एक कोहळं आणलं. आपलं भाजीचं, लाल, चांगलं दोन हातांत न मावणारं, आणि ते बरोबर फळीखाली ठेवलं. आता इथे सांगायला हवं, की बाईने सबंध कोहळं फोडू नये. पहिला वार पुरुषाचा. मग पुढे बाईने हवं ते करावं. आमच्या आळीत पुरुष कामावर गेलेले, त्यामुळे कोहळं असलं की बायका पोस्टमनला थांबवत. बिचारा पत्रं कमी वाटी आणि कोहळी जास्त फोडी. काकूंच्या दारावरूनही तो रोज जाई. काकू त्याला हाक मारत नसत. कोहळं तसंच. पितृपक्ष लागला, त्यांच्या यजमानांची तिथी तोंडावर आली, कोहळ्याची भाजी पाहिजेच, आणि कोहळं तसंच.

तिथीच्या सकाळी मी मदतीला त्यांच्या दारात पोचले. त्या भांडी घासायला नदीवरून वाळू आणायला मागच्या दाराने गेल्या होत्या. माझ्यामागोमाग परतल्या आणि दारातच थांबल्या. मधली खाच रिकामी होती. नानू घरात नव्हता.

त्याच क्षणी समोरून कौसल्याबाईंचा आवाज आला, "घेऊन गेला वं! सुरी घेऊन गेला! पोट्ट्याईले आत घ्या!" दारं धडाधड लागली. काकू भिंतीला धरून खाली बसल्या. वाळू पदरातून सांडली. मग उठल्या, पदर खोचला आणि सरळ विहिरीकडे चालू लागल्या. मी मागे.

नानू विहिरीच्या कठड्याआड, पलीकडच्या दगडावर बसला होता. दगड ओला करून सुरीला धार लावत होता. हळूहळू, एका अंगाने, मग दुसऱ्या. आम्हाला पाहून थांबला. काकू जवळ गेल्या.

"धार लावून राह्यला?"

त्याने मान हलवली. मग म्हणाला, आणि तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, "ताई, गंज नाई चढला एवढाबी."

"काऊन चढन? झाकून ठेवलं का चढते."

तो घरात आला. कोहळं पाटावर ठेवलं, टोक लावलं, मुठीवर हाताची टाच मारली. कोहळं दुभंगलं, तो आवाज बंद दारांच्या आतपर्यंत गेला असेल. मग त्याने फोडी केल्या. एकसारख्या, भराभर, खानसाम्याच्या हाताने. काकू पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "मी भेली नाई असं नको समजू. खाच पाह्यली अन् मले वाटलं, मीच मारलं याले." भाजीची वाटी त्यांनी दारोदार पाठवली. कौसल्याबाईंनी ती घेतली, पण खाल्ली का ते माहीत नाही.

त्यानंतर पोस्टमन सुटला. आळीतली कोहळी नानूकडे येऊ लागली. कौसल्याबाई शेवटच्या. पोस्टमन रजेवर गेला तेव्हा त्यांनी आपलं कोहळं काकूंच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि न बोलता निघून गेल्या. नानूने फोडून तिथेच ठेवलं. त्या येऊन न बोलता घेऊन गेल्या. असं पुढे वर्षानुवर्षं चाललं. बोलणं नाही, नुसतं कोहळं.

भागाकाकू बऱ्याच वर्षांनी एका हिवाळ्यात गेल्या, छातीच्या दुखण्याने, थोड्या दिवसांत. शेवटी शेवटी डोळे फळीकडे असत. मी विचारलं, काही हवं का? म्हणाल्या, "शनिवार हाय का वं आज?" शनिवार नव्हता. तरीही नानू उठला आणि त्याने सुऱ्या पुसल्या.

तेरवीला वडनेरहून त्यांचे चुलतभाऊ आले. पाच पोरांचा संसार आणि कोरडवाहू जमीन असलेला दमलेला माणूस. पानं उचलल्यावर अंगणात माणसं बसली आणि ते घरमालकांशी बोलू लागले. बाई होती तोवर ठीक होतं. आता याला बघणार कोण? पुन्हा काही झालं तर? त्यापेक्षा नागपूरलाच पोचवून द्यावं. घरमालक मान हलवत होते. चुलतभाऊ उठून आत गेले, फळीवरच्या सुऱ्या काढून चिंधीत बांधू लागले, तिन्ही एकत्र, पात्याला पातं घासत. नानू भिंतीकडे पाठ करून बसला होता. मला वाटलं, हे सगळं त्याने आधीच ऐकून ठेवलेलं असावं. आम्ही बायका दाराच्या बाजूला डोक्यावर पदर घेऊन उभ्या, आणि तेरवीच्या बैठकीत बाईने बोलायची रीत नव्हती.

तेवढ्यात माझ्या खांद्याला धक्का बसला. कौसल्याबाई मला बाजूला सारून पुढे गेल्या, चुलतभावांच्या हातातली चिंधी हिसकावून घेतली, आणि सगळ्या पुरुषांसमोर ओरडल्या, "नागपूरले? अन् मंग माह्यं कोहळं कोण फोडन, तुहा बाप?"