ताजमहालाची रंगीत तालीम

जगात प्रवासाला निघणारी माणसं पुष्कळ असतील, न निघणारीही असतील. पण प्रवासाला निघण्याची रंगीत तालीम करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. आमचे हे भाऊजी केंद्र सरकारच्या कुठल्याशा कचेरीत होते आणि नवीन पनवेलला सिडकोच्या दोन खोल्यांत राहत होते, असं मी म्हणतो ते केवळ पत्ता सांगायचा म्हणून. एरवी भाऊजी एका जागी राहत होते असं म्हणायची माझी छाती नाही. खुर्चीत बसले की पाय हलत. पाय दाबून धरले तर बोटं टेबलावर वाजत. जेवता जेवता उठून दाराची कडी लागलीय का बघून येत आणि आमटी गार झाली म्हणून ताईवरच रुसत. एसटी दहाची असेल तर हे साडेआठला स्टँडवर, आणि नऊची गाडी लागली की "ही आपलीच तर नाही?" असं कंडक्टरला तीनतीनदा विचारणार. लग्नात अक्षता पडल्या की सगळ्यांचं लक्ष पंगतीकडे, यांचं चपलांकडे. सिनेमाला गेले तर शेवटच्या दहा मिनिटांआधीच उठत, का तर दाराशी गर्दी होते. "वीस वर्षांत मी एका सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही रे बापू," ताई मला म्हणाली होती. "पुढे काय झालं ते मला शेजारच्या बायका सांगतात."

अशा माणसाच्या घरात, शोकेसच्या मधल्या कप्प्यात, काचेच्या पेटीत एक संगमरवरी ताजमहाल होता. लग्नात आहेर म्हणून आलेला. आत बारीकसा बल्ब होता, तो दिवाळीत लावायचा. त्या काळी आमच्याकडे दर तिसऱ्या घरात अशी पेटी असे आणि तिच्यावर धूळ बसलेली असे. ताईच्या पेटीवर मात्र धूळ नसायची. रोज सकाळी ती पेटी खाली काढायची, पदराने पुसायची, थोडा वेळ तशीच हातात धरायची आणि जागेवर ठेवून द्यायची. तिने नवऱ्याकडे दागिना मागितला नाही, साडी मागितली नाही. मागितलं ते एकच. "एकदा खरा दाखवा." भाऊजी तात्काळ "हो" म्हणाले आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. दुसरा कुणी "नाही" म्हणाला असता, चार दिवस अबोला झाला असता, आणि विषय मिटला असता. यांनी "हो" म्हटलं आणि फाईल उघडली.

ती फाईल मी पाहिली तेव्हा ती सात वर्षांची झाली होती आणि तिला दोन नाड्यांनी बांधावं लागत होतं. सरकारी नोकरांना चार वर्षांतून एकदा प्रवासाची सवलत मिळते. त्या चार वर्षांना ब्लॉक म्हणतात. भाऊजींचा पहिला ब्लॉक नुसत्या ऋतूचा निर्णय होईना म्हणून वाया गेला होता. उन्हाळ्यात संगमरवर तापतो आणि तिथे चपला काढाव्या लागतात. पावसाळ्यात तोच संगमरवर घसरतो. हिवाळ्यात धुकं पडतं, मग एवढ्या लांब जाऊन बघायचं काय? उन्हाळ्याचा मुद्दा एकदाचा निकालात काढावा म्हणून एका मे महिन्यात भर दुपारी त्यांनी ताईला बिल्डिंगच्या गच्चीवर अनवाणी उभं केलं. आधी पायात एकेक मोजा घालून, मग एकावर एक दोन, मग तीन. स्वतः घड्याळ घेऊन कठड्याच्या सावलीत. "चटका कितव्या मिनिटाला बसला ते नीट सांग," हे वर. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंना वाटलं, यांच्या घरात काहीतरी नवस चालू आहे. दुसऱ्या एका रविवारी मी गेलो तर शोकेसमधला ताजमहाल जमिनीवर ठेवलेला आणि त्याच्यासमोर शर्टाची दोन बटणं. भाऊजी पालथे पडून एक डोळा मिटून बघत होते. "हे पांढरं बटण म्हणजे तुझी बहीण, हे काळं म्हणजे मी. फोटोत चारही मिनार यायला हवेत ना?" मी म्हटलं, "आणि फोटो काढणार कोण?" भाऊजी उठून बसले. हा मुद्दा फाईलमध्ये नव्हता. दुसरा ब्लॉकही तसाच गेला.

मी त्यांची थट्टा करायचो हे खरं, पण मनातून मला त्यांचा राग यायचा. ताई मात्र कधी चिडली नाही. दर खेपेला भाऊजी म्हणत, "पुढच्या ब्लॉकला नक्की," आणि ती "बरं" म्हणून पेटी जागेवर ठेवून देई. तिच्या बाजूने बोलणारी एकच व्यक्ती होती, करंजाहून पाटी घेऊन येणारी कोळीण. ती दर रविवारी त्यांच्या कॉलनीत बोंबील नि कोलंबी आणायची आणि ताईच्या दारात घटकाभर टेकायची. एकदा तिच्यासमोरच भाऊजी सामानाच्या वजनाचं काहीतरी सांगत होते. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, रागवू नका. आमी बंदरावर तालीम नाय करत. होडी लागली की चडतो." भाऊजींनी तिला समुद्र आणि रेल्वे यांतला फरक समजावून सांगितला. ती "बरोबर हाय, बरोबर हाय" म्हणत पाटी उचलून निघाली. ताई दारात उभी राहून तिच्याकडे जिना संपेपर्यंत बघत होती.

तालमी सुरू झाल्या त्या तिसऱ्या ब्लॉकच्या शेवटच्या वर्षी. हा ब्लॉक संपला की पुढच्याच्या आत भाऊजींची निवृत्ती, म्हणजे हीच अखेरची संधी. त्या वेळी पनवेलहून आग्र्याला थेट जायची सोय नव्हती. एसटीने कल्याण गाठायचं आणि तिथे संध्याकाळची मेल पकडायची. मेल कल्याणला तीनच मिनिटं थांबे. ही तीन मिनिटं भाऊजींच्या उरावर बसली होती. तीन मिनिटांत दोन माणसं, एक होल्डॉल, दोन बॅगा, पाण्याचा थर्मास आणि जेवणाचा डबा आत जातो का, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय आरक्षण करणं त्यांना शुद्ध वेडेपणा वाटत होता. तेव्हा एका रविवारी ताई, भाऊजी आणि हमाल म्हणून मी, असे आम्ही तिघे कल्याणला गेलो, प्लॅटफॉर्म तिकिटं काढली, मेल आलेली पाहिली, डबा कुठे थांबतो तिथे खडूने खूण केली आणि परत आलो. महिन्याभराने दुसरी तालीम झाली. त्या वेळी बॅगांत जुनी वर्तमानपत्रं भरली होती. भाऊजींना ते पटलं नाही. "वजन तेवढंच असलं तरी बॅगेचा तोल वेगळा राहतो." म्हणून तिसरी तालीम खऱ्या सामानाची ठरली. खरे कपडे, खरे मोजे, खऱ्या दशम्या, लसणीची चटणी, औषधांची पुडी, सगळं. गॅस बंद, पाण्याचा नळ बंद, शेजारी किल्ली. दूधवाल्याला सुद्धा आठवडाभर येऊ नकोस म्हणून सांगितलं, का तर त्याच्या लक्षात राहतं का ते बघायचं होतं.

नोव्हेंबरातली ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. आम्ही नेहमीप्रमाणे दीड तास आधी पोचलो. भाऊजींनी तेवढ्या वेळात प्लॅटफॉर्मची दोन्ही टोकं चारदा गाठली. मेल आली. डबा बरोबर खडूच्या खुणेपाशी थांबला तेव्हा भाऊजींच्या तोंडावर जो आनंद होता तो त्यांच्या मुलीच्या लग्नातही मी पाहिला नव्हता. "चला!" मी होल्डॉल आत टाकला, बॅगा टाकल्या, ताई थर्मास आणि डबा घेऊन चढली. भाऊजींनी फाईल माझ्या हातात कोंबली आणि घड्याळ बघितलं. "एक मिनिट दहा सेकंद! उत्तम! उतर आता. फक्त थर्मासचं झाकण सैल आहे, तेवढं बघायला हवं. पुढच्या महिन्यात आणखी एक तालीम करू आणि मग आरक्षण."

ताई दारात उभी होती. ती हलली नाही.

"अगं उतर! दोन मिनिटं झाली!"

"मी उतरत नाही," ताई म्हणाली. आवाज अगदी साधा होता. भाजी निवडताना बोलते तसा.

"आपलं आरक्षण नाहीये!"

"माहीत आहे."

"तिकीट नाहीये! रजा मंजूर नाहीये!"

"अहो, सगळं सामान आत आहे, गॅस बंद आहे, दूध बंद आहे. आता घरी जाऊन तरी काय करायचं? तुम्ही येताय का मी एकटी जाऊ?"

गाडीने हिसका दिला. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, भाऊजींचे पाय थांबले होते. बोटं थांबली होती. हा माणूस पहिल्यांदाच एका जागी उभा होता, तोही नको त्या क्षणी. ताईने दांडी धरून दुसरा हात पुढे केला. ती रडत नव्हती, पण मला कळलं की गाडी यांना सोडून गेली तर ती पुढच्या स्टेशनवर उतरून निमूट परत येईल, आणि पुन्हा कधी ती पेटी खाली काढणार नाही. इतकी वर्षं मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आज कबूल करतो. मी भाऊजींना मागून ढकललं. चांगलं जोरात ढकललं. ते चार पावलं धावले, ताईने त्यांचं मनगट पकडलं, आतल्या दोघा-तिघांनी त्यांना खांद्याला धरून वर ओढलं आणि गाडी गेली. प्लॅटफॉर्मवर मी आणि माझ्या हातात दोन नाड्यांची ती फाईल.

दुसऱ्या दिवशी भुसावळहून तार आली. "फाईल जपणे. झाकण घट्ट बसले. साहेबांना कळवणे." मी साहेबांना जाऊन कळवलं. तालमीला गेलेला माणूस खरोखरच गेला हे त्यांना पटवताना माझी पुरेवाट झाली. पुढे कळलं की गाडी सुटल्यावर भाऊजी स्वतःच टीसीला शोधत सहा डबे हिंडले आणि आपण प्लॅटफॉर्म तिकिटावर प्रवास करत असल्याचा गुन्हा त्याच्यापुढे कबूल केला. त्याने रीतसर पावती फाडली आणि दाराजवळच्या होल्डॉलवर बसायला सांगितलं. त्या होल्डॉलवर बसून माझी बहीण आग्र्याला गेली.

आठ दिवसांनी दोघं परत आली. मी विचारलं, "कसा होता?" भाऊजींनी विचार केला. एरवी ताजमहालाची लांबी-रुंदी तोंडपाठ म्हणून दाखवणारा माणूस, पण इतकंच म्हणाले, "आपल्या पेटीत उजेड बल्बचा असतो. तिथे कुठून येतो ते कळत नाही." आणि आत निघून गेले. बाकीचं ताईने सांगितलं. फाईलमध्ये ताजमहालासाठी चाळीस मिनिटं ठेवलेली होती. पण फाईल माझ्याकडे होती. दोघं सकाळी जाऊन बसली ती पहारेकऱ्याने बाहेर काढेपर्यंत. संगमरवर मुळीच तापला नव्हता, तरी भाऊजींनी स्वतः खाली बसून तिच्या पायांत मोजे चढवले. फोटो काढायचाच राहिला. "आणि बापू," ताई म्हणाली, "दिवसभर त्यांचा पाय हलला नाही रे. मी मुद्दाम बघत होते." मग पदर डोळ्यांना लावून हसली. "शेवटपर्यंत बसलो आम्ही."

फाईल मी परत द्यायला गेलो तर भाऊजींनी घेतली नाही. तिचं काम संपलं होतं. पुढे ते निवृत्त झाले. आता पनवेललाच कोकण रेल्वेच्या लांबलांबच्या गाड्या थांबतात. घरातून रिक्षाने दहा मिनिटं, ना कल्याण, ना एसटी. पण ताईचे गुडघे वाताने पार धरले आहेत. तीन पायऱ्या चढायच्या म्हणजे तिला दोन ठिकाणी थांबावं लागतं, डब्याच्या पायऱ्या तर दूरच. तरी महिन्यातून एखाद्या रविवारी दोघं पनवेल स्टेशनवर जातात. सोबत थर्मास, दशम्या, लसणीची चटणी. बाकावर बसतात, खातात, आलेली गाडी बघतात.

मागे एकदा मीही बरोबर होतो. केरळकडे जाणारी गाडी लागली. भाऊजींच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं, उठले, ताईपुढे हात केला आणि म्हणाले, "चढतेस? आरक्षण नसलं तरी चालेल. मी मागून धरतो."

ताईने गाडीच्या उंच पायऱ्यांकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. नवऱ्याचा पुढे आलेला हात तिने दोन्ही हातांत घेतला आणि त्यांना हळूच आपल्या शेजारी बसवलं.

"पुढच्या ब्लॉकला नक्की," ती म्हणाली.

भाऊजी "बरं" म्हणाले. गाडी जाईपर्यंत ते तसेच बसून होते.