तीसही दिवस मोकळ्या मावशी

९ मे १९७४. लोणच्यासाठी टोपलीभर कैऱ्या फोडून मी शेजारच्या मावशींची वाट पाहत बसले होते. देवाच्या मूर्तीखालोखाल सोवळी अशी बाई जगात एकच होती, आणि ती पिंपरीत आमच्या चाळीत राहत होती.

मावशींना पाळी कधी आलीच नव्हती. हे त्या लपवत तर नसतच, उलट मिरवत. "देवीनंच सूट दिलीया मला!" चाळीतल्या सगळ्यांच्या सासवा गावाकडे राहिलेल्या, नवरे कंपनीत शिफ्टला. एखादीला कावळा शिवला की चूल पेटवायला मावशी हजर. आल्या की आधी आमचे डबे त्यांच्या मनासारखे लावायच्या, मग भाजीला नावं ठेवायच्या. एकदा मी तशा दिवसांत पापडांजवळून नुसती गेले, तर कडाडल्या, "लांब हो! सावली पडली तर पापड लाल व्हतील!" पापड लाल झाले ते त्यांनीच घातलेल्या जास्तीच्या पापडखारानं, पण सांगणार कोण? प्रत्येकीची तारीख त्यांना पाठ. उशीर झाला की दारात येऊन विचारायच्या, "काय गं, इसरलीस का मला?"

नवऱ्यानं वांझ म्हणून माहेरी धाडलं होतं, तेवढं मात्र बोलत नसत.

त्या वर्षी त्यांची बहीण मुलीला घेऊन आली. भाची सतरा-अठराची, तिलाही पाळी नाही. बहीण म्हणाली, "लग्न झालं की येईल."

"मला आली का?" मावशी म्हणाल्या.

मी मावशी-भाचीला पुण्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोघींना तपासलं, रक्तातली गुणसूत्रंही पाहिली. पंधरा दिवसांनी परत बोलावून म्हणाले, "दोघींनाही जन्मापासून गर्भाशय नाही. आईकडून पुढच्या पिढीत उतरतं हे. बाकी प्रकृती ठणठणीत. यात दोष कोणाचाच नाही." परतताना बसमध्ये दापोडी आल्यावर मावशी म्हणाल्या, "म्हंजी देवीचा काय संबंधच न्हाई?"

तरी बहिणीनं स्थळ आणलंच, आणि पाहुणे नेमके त्या ९ तारखेला आले. माझ्या कैऱ्या राहिल्या तशाच. 'तोंड उघडायचं नाही,' असं बहिणीनं मावशींना बजावलं होतं. पण भाची हळूच म्हणाली, "मावशी, मला तुझ्यासारखं परत यायचं नाही. तूच सांग."

मावशींनी पोह्यांच्या बशा मांडल्या आणि दारात जमलेल्या आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरीला मूल व्हायचं न्हाई. जन्मापासूनचं हाय. माझंबी तसंच, देवीबिवी काय न्हाई. चालत असंल तर पोहे खावा."

पाहुण्यांनी पोहे संपवले, चहाला मात्र थांबले नाहीत. बहीण रडत बसली. भाचीनं गुणगुणत बशा विसळल्या.

संध्याकाळी नळावर बायकांत कुजबुज सुरू झाली: "आता हिच्या हातचा नैवेद्य चालेल का गं?" मावशींनी दार लावून घेतलं. ते दार दिवेलागणीला बंद मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची कडी वाजवली आणि नळापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "मावशी, मला कावळा शिवलाय. कैऱ्या सुकून चालल्यात. या!"

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. माझी तारीख त्यांना पाठ होती, आणि ती अजून लांब होती. त्यांनी पदर खोचला आणि माझ्या स्वयंपाकघरात शिरून डबे हलवायला लागल्या.

मी निमूटपणे कोपऱ्यात चटई टाकली आणि धडधाकट असून बाजूला बसले.