तीन भिंतींची खोली

आमच्या नाटकमंडळीचे पडदे एक रंगारी रंगवायचा. त्याच्या पडद्यावरचा रस्ता इतका खरा, की आपण त्यावरून चालत निघून जावं असं मला रोज वाटे. मंडळी बुडाली. मी घरी बसलो, त्याला नगरपालिकेत काम मिळालं. रस्ता रुंद करताना तो घरांमधून लाल रेघ ओढायचा. रेघेच्या रस्त्याकडचं सगळं पाडलं जाई. घर पुरतंच जाणार असेल, तर समोरून मोठी फुली.

एके काळी गावातल्या मुख्य रस्त्यावर दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावं लागे. मग बस आली आणि रुंदीकरण निघालं. रस्त्याला लागून रंगाऱ्याच्या ताईची एक खोली होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, त्यापायी लग्नही केलं नाही. शेजारणींना ती ऐकवी, "कुंचला माझ्या भावाच्या हातात आहे. काळजी तुम्ही करा."

मापाची दोरी नेमकी तिच्या चुलीवरून गेली.

"वीतभर रस्त्याकडे घे," ताई म्हणाली.

"रेघ वाकडी येईल."

"येऊ दे. कोण बघतंय?"

"मी."

चूल गेली, समोरची भिंत गेली. "काय हो, कुंचला कुणाच्या हातात होता?" शेजारणींनी विचारून घेतलं. बसमधले लोक ताईला जेवताना, केस विंचरताना बघत. मीही जन्म तीन भिंतींतच काढला, पण आमचा पडदा पडत असे.

"आता भिंत दे मला," ती भावाला म्हणाली. त्यानं जुन्या पडद्यावर भिंत रंगवली: विटा, उडालेला गिलावा, बंद खिडकी. पोस्टमन आठवडाभर ती खिडकी वाजवायला जात होता. ताई त्या कापडामागे नऊ वर्षं राहिली.

मग पूल ठरला. खोली पुरतीच जाणार होती. साहेब म्हणाले, दुसऱ्याला पाठवतो. रंगारी म्हणाला, "तो फुली वाकडी काढेल."

त्या दिवशी मी तिथं होतो. त्यानं कुंचला बुडवला, पण बसच्या वाऱ्यानं कापड हलत राहिलं. ताई बाहेर आली. तिनं कुंचल्याकडे बघितलं.

"अशी सरळ नाही यायची," ती म्हणाली, आणि कापडाचा खालचा काठ दोन्ही हातांनी ताणून धरला.

तो दोन पावलं मागे सरला, एक डोळा बारीक केला.

"ताई, डावा हात जरा खाली."

तिनं घेतला.