बुधवारची वांगी

१२ नोव्हेंबर, बुधवार, सकाळचे सात, तुंगार्ली. हजर: मी, माझा फोन आणि एका बंगल्याचा माळी. गैरहजर: बंगल्याच्या मालकीणबाई, कारण त्या शनिवारीच उगवतात.

फिरताना दिसेल त्या बागेचे फोटो काढायचे आणि लगेच आमच्या बागप्रेमी ग्रुपवर टाकायचे, हा माझा नेम. फाटकातून कुंड्यांतली जांभळी फुलं टिपली, पाठवलीसुद्धा. तेवढ्यात आतून आवाज आला.

"ओ ताई, वांग्याचा फोटू कशाला काढता?"

साठीचा माणूस, डोक्याला मफलर, कानावर विडी. बोलता बोलता वांग्याच्या पानांवरची धूळ बोटानं पुसत होता. गुलाबाच्या कुंड्या पाण्याच्या टाकीमागे उभ्या होत्या. दर शुक्रवारी संध्याकाळी त्या पुढे येतात आणि वांगी-मिरच्या मागे जातात, त्यानंच सांगितलं. सोमवारी पुन्हा उलट.

"बाईंना चालतं?"

"त्यास्नी कुटं ठावं? कळलं तर हाकलतील. पन आठवडाभर गुलाब काय कालवनात घालू?"

मग त्याला शंका आली. "फोटू कुनाकुनाला जातो?"

मी ग्रुपमधले चेहरे दाखवले. एकावर त्याचं मातकट बोट थांबलं. "ह्याच की आमच्या बाई!"

मी घाईघाईनं ग्रुपवरचा फोटो डिलीट करायला गेले, तोवर बाईंचा निरोप आलाच होता: "किती गोड फुलं! कुणाच्या बागेतली?"

स्वतःची बाग त्यांना ओळखू आली नव्हती. माळी आधी घाबरला, मग खो खो हसला. "आता तुमीच बगा ताई," म्हणाला आणि मिरच्यांना पाणी घालू लागला.

आजच्या यादीतली बाकी सगळी कामं झाली. बाईंना उत्तर द्यायचं राहिलंय.