बोरमाळेचं माप: दौंड ते शिरूर

२ डिसेंबर, मंगळवार. सकाळच्या गाडीने पुण्याहून दौंड. दिवसभर सोनाराकडे. मुक्काम स्टेशनजवळच्या लॉजवर. बुधवारी एसटीने चौफुला, न्हावरा, शिरूर. संध्याकाळी नगर रस्त्याने घरी. सोबत एक खांद्याची पिशवी आणि तिच्यात मालतीची बोरमाळ.

मालती माझी पत्नी. जानेवारीत आमच्या मुलीचं, केतकीचं, लग्न आहे आणि तिला आईचीच बोरमाळ घालायची आहे. पण माळेचा दोरा गेलेला, आठ-दहा मणी चेपलेले. पुण्यात तीन दुकानांत दाखवली. तिन्हीकडे एकच उत्तर मिळालं, "पोकळ माल आहे काका. मोडून नवीन घ्या." केतकी फोनवर म्हणाली, "मोडणार असाल तर मग मला काहीच नको." मालतीचं माहेर मांडवगण फराटा. माळ तिच्या आईने दौंडच्या एका सोनाराकडून करून घेतली होती, एवढंच मला माहीत होतं. म्हणून निघालो.

दौंडला जायला रेल्वेच बरी. तिकीट दोन चहांच्या पैशांत येतं आणि सकाळी बसायला जागा मिळते. स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली. तिखट होती, पण चांगली. बाजारात "जुनी बोरमाळ दुरुस्त करणारं कोणी आहे का?" असं विचारत गेलो. पहिल्या दोन दुकानांत मान हलली. तिसऱ्याने दिनकरअप्पांचं नाव सांगितलं.

अप्पा सत्तरीचे असतील. दुकान एका दाराएवढं. ते जमिनीवर बसूनच काम करतात. त्यांनी एक मणी तळहातावर फिरवला, भिंगातून पाहिला आणि म्हणाले, "आमच्या आबांच्या हातची हाय."

"कशावरून?"

"भोकाच्या तोंडाशी बारीक कडी हाय बगा. दोऱ्यानं सोनं झिजू नये म्हणून आबा परत्येक मण्याला घालायचे. आता कोण करतंय एवढं?"

"पुण्यात पोकळ म्हणाले."

"पोकळ त्यांचं डोस्कं! आत लाख हाय. म्हंजी हुती. तिचा भुगा झालाय."

पातळ पत्र्याच्या दोन वाट्या जोडून बोराएवढा मणी होतो आणि आत वितळवलेली लाख भरली की तो घट्ट राहतो. थोड्या सोन्यात गळा भरलेला दिसतो. अप्पांनी सांगितलं की त्यांचे वडील लगीनसराईच्या आधी ऐरण आणि शेगडी घेऊन मांडवगणला जायचे आणि एकेका घरी आठ-आठ दिवस राहायचे. दागिना घरच्यांच्या डोळ्यांसमोर व्हायचा. बायका शेजारी बसून सांगायच्या, हा मणी थोडा चपटा वाटतो, तो पुन्हा करा. "लई छळायच्या," अप्पा हसले, "पर तवाच हात बसला आबांचा."

भुगा झटकणं, मणी ऊब देऊन आतून पोचे काढणं, नवी लाख भरणं आणि ती गरम असतानाच सुई घालून भोक मोकळं ठेवणं, हे सगळं मी संध्याकाळपर्यंत पाहत बसलो. बोललो फारसं नाही. त्यांनीही विचारलं नाही. उठताना म्हणाले, "ओवायचं काम माझं न्हवं. शिरूरला पटवेकऱ्याकडं जा."

बुधवारी सकाळी एसटीने चौफुला आणि तिथून न्हावऱ्याची गाडी. रस्ता बरा आहे, पण सध्या उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रांगते. वेळ हाताशी ठेवूनच निघावं.

दागिने रेशमात ओवून गाठवून देणारा तो पटवेकरी. शिरूरच्या बाजारात रशीदचाचांचं घर आणि दुकान एकच आहे. पायाच्या अंगठ्यात रेशीम अडकवून ते ताणून धरतात आणि दोन्ही हातांनी गाठी मारतात.

"माळ तुटली आहे," मी म्हणालो.

चाचांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "वाढली म्हणा साहेब. दागिना तुटला म्हणत न्हाईत."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "आवो, शिकल्याली मान्सं ती. त्यास्नी काय ठावं!"

"तुला कुणी इचारलं का?" चाचा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "माप?"

मी जुना दोरा काढून दिला. "एवढंच ठेवा. जुनं माप."

"घालणार कोण?"

"मुलगी."

"मंग ह्यो दोरा कुणाचा?"

"तिच्या आईचा."

"मंग त्यास्नीच फोन लावा की. किती ठिवायचा त्या सांगतील."

मी दोऱ्याकडे पाहिलं. "ती गेली. सात महिने झाले."

दोन दिवसांत हे मी पहिल्यांदा कोणाला सांगत होतो. चाचांनी दोरा हळूच खाली ठेवला. "माफी करा साहेब. पर गेलेल्याचं माप आमी धरत न्हाई. घालणारीचं धरतो."

"मला तेवढीच हवी आहे," मी म्हणालो. आवाज जरा चढला होता.

चाची बाहेर आल्या. "पोरगी आईएवढीच हाय का?"

"नाही. उंच आहे. माझ्यावर गेली आहे."

"मंग आवळंल की तिला! सोताच्या लग्नात पोरीनं मान हलवायची का न्हाई?"

मला हसू आलं. बंगळूरला ऑफिसात असलेल्या केतकीला फोन लावला. तिने गळ्यातल्या आयडी कार्डाच्या नाडीने माप घेऊन सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, पण आईला जिथे बसायची ना, तिथेच बसली पाहिजे मला."

फोन स्पीकरवर होता. चाचा म्हणाले, "ऐकलं का? तितंच बसवायची म्हंजी दोरा वाढवाया लागतोय."

"वाढवा," मी म्हणालो.

तासाभरात माळ झाली. मागे लाल रेशमाचा गोंडा. ओवणावळ फार नाही, घासाघीस करू नका. जुना दोरा चाचांनी कागदात बांधून दिला. "वाहत्या पाण्यात सोडा. घोडनदी हितंच हाय." मी नदीपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. तो अजून माझ्या पाकिटात आहे. सोडेन कधीतरी.

येताना रांजणगावनंतर उभं राहावं लागलं. सणसवाडीला कारखान्यांची शिफ्ट सुटली होती, कोरेगाव भीमापर्यंत गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. पिशवी पोटाशी धरून उभा होतो. केतकीने मागेपर्यंत ही माळ कपाटात होती आणि मी ते कपाट उघडत नव्हतो. आता तिला जानेवारीतली एक तारीख आहे. प्रवासातून आणलं ते एवढंच, आणि मला ते पुष्कळ वाटतं.

घरी आल्यावर माळेचा फोटो केतकीला पाठवला. मग लग्नात घालायचा पांढरा शर्ट बाहेर काढला. त्याचं वरचं बटण निघालेलं आहे. मालतीचा शिवणाचा डबा उघडून पांढरं रीळ शोधलं आणि दिव्याखाली बसलो. दोरा तीन वेळा सुईत गेला नाही. चौथ्यांदा टोक ओठांत ओलं केलं, गेला. बटण लावलं, मागे गाठ मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला.